अठरा तास

काउंटी ऑफिसची चार नंबरची खिडकी माझी.
काचेला गोल भोकं आहेत,
त्यांतून आवाज येतो, श्वास येत नाही.
सकाळी विल्मा कोझिक आली
दारातल्या पुठ्ठ्यावर बुटांचा बर्फ नीट पुसून,
कुणाच्या घरी आल्यासारखी.

नवा नियम: आठवड्याला वीस तास काम,
नाहीतर फूड स्टॅम्प बंद.
तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या म्हणतात, अठरा.
शाळेच्या कँटीनमध्ये ट्रे धुण्याचे अठरा.
बाकीच्या वेळात ती लायलला अंघोळ घालते,
जिथे त्याचा गुडघा होता तिथली पट्टी बदलते,
रात्री तो ओरडत उठला की दिवा लावते
आणि सांगते, नदी आहे रे ती, कोळशाचं बार्ज चाललंय, झोप.
हे कुठल्या रकान्यात लिहू? तिनं विचारलं.

मी रकाने वाचले, वरून खाली.
पाठ आहेत मला, तरी वाचले.
मुलगा एकतीसचा.
नियमात मूल अठराव्या वर्षी संपतं.

हॉलमधल्या टीव्हीवर तेव्हा खापर फुटत होतं.
हा म्हणाला, युद्ध यांनी सुरू केलं.
तो म्हणाला, पैसे तुम्हीच मंजूर केलेत.
हा म्हणाला, आम्हाला दाखवलेले नकाशेच खोटे होते.
तो म्हणाला, तिजोरी रिकामी झाली ती बसून खाणाऱ्यांमुळे.
बसून खाणारे बाकांवर बसले होते,
कुणी खात नव्हतं.
पट्टीवरून युद्धाचा खर्च सरकला:
आधी एक गेला,
मग कितीतरी वेळ नुसती शून्यं.

म्हातारा हार्लन पेटिट (तो गाडीतच राहतो,
पत्ता म्हणून चर्चच्या पार्किंगचं नाव लिहितो)
म्हणाला, आवाज बंद करा कुणीतरी.
रिमोट कधीचा हरवलाय.

आता माझं सांगते.
लायल गेला त्या दिवशी शाळेचा बँड होता,
महापौरांचं भाषण होतं, फुकट डोनट होते.
ऑफिससमोरच्या मेपलला पिवळी फीत मी बांधली.
गाठ मारायला मी लहानपणी कॅम्पात शिकले होते,
ओढली की घट्ट होणारी.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
लायलनं बसच्या खिडकीतून पाहिलं
ते फितीकडे की आईकडे, आठवत नाही.
कुणी विचारलंच असतं, तर मी म्हटलं असतं,
युद्ध का मी सुरू केलं?
मी तर फक्त गाठ मारली.

कुणी विचारलं नाही.
विल्मानंही नाही.

पेन उचललं. अठराचे वीस
नजरेला पटकन होतात, कागदावर होत नाहीत,
खोडलेलं दिसतं, वर तपासनीस बसलेत,
आणि माझी पेन्शन तीन वर्षांवर आली आहे.
हे तीनही विचार मी या क्रमानं केले.
क्रम नीट लक्षात ठेवलाय.
भोकांपलीकडून ती म्हणाली,
राहू दे गं नेल्डा, तुलाही पोट आहे.
शिक्का मारला. अपिलाला तीस दिवस, मी सांगितलं.
तिनं मान हलवली, जणू मी हवामान सांगत होते.
साखळीला बांधलेलं पेन खाचेत नीट ठेवून गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी मेपलपाशी गेले.
इतक्या वर्षांत झाडानं फीत गिळलीय.
वर दोन बोटांएवढं टोक उरलंय, रंग विटलेल्या दाताचा.
ओढलं.
नखानं कोरलं.
साल निघाली, फीत नाही.

दुपारभर नखात साल घेऊन बसले.
हार्लनचा नंबर पुकारला, सत्तेचाळीस.
पत्ता? मी विचारलं.
तोच, तो म्हणाला,
पण सध्या गाडी सुरू होत नाही.